दोन थेंबांचा आळ

आमच्या चाळीत कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाचा मिक्सर जळला, की पोरं विचारतात, "काय रे, कुंदाताईंचं तीर्थ पाजलंस काय त्याला?" नव्याने राहायला आलेल्यांना संदर्भ लागत नाही. मग कुणीतरी हौसेने गोष्ट सांगतो. पहिल्या मजल्यावर कुंदाताई परब नावाच्या बाई राहायच्या, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून द्यायच्या, आणि एका दसऱ्याला त्यांनी पूजेचं पाणी शिंपडून तो कॉम्प्युटर जाळून टाकला.

गेल्या महिन्यात कुंदाताई गेल्या. पटांगणात शोकसभा झाली. मंडळाचा सेक्रेटरी संदेश भाषणाला उभा राहिला आणि वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून त्याने तीच गोष्ट सांगितली. लोक हसले. संदेश वाईट मुलगा नाही, बाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यानेच धावपळ केली. मी वयाने मोठा म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीवर होतो. शेजारच्याने माझ्या मांडीवर थाप मारली आणि मीही हसलो.

ती गोष्ट खोटी आहे. हे ठाऊक असणारी दोनच माणसं उरली आहेत, आणि त्यातला दुसरा, लॅमिंग्टन रोडवरचा इक्बाल, एव्हाना विसरलाही असेल. म्हणून लिहायला बसलो आहे. पण गोष्ट खोडण्याआधी ही बाई कोण होती ते सांगायला हवं.

कुंदा माझी वहिनी. नात्याने नव्हे. तिचा नवरा वसंत आणि मी एकाच गिरणीत, एकाच खात्यात. तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, मी त्या साच्यांचा फिटर. गिरणीचा संप लांबला तेव्हा घरोघरच्या बायका पोळीभाजीचे डबे करू लागल्या. कुंदावहिनी परळच्या एका क्लासात मराठी टाइपरायटिंग शिकायला गेली. वसंत चिडवायचा की संप मिटेपर्यंत तुझं अक्षर तरी सुधारेल. संप काही मिटला नाही. वहिनी गिरगावातल्या एका छापखान्यात लागली, छपाईचे शिशाचे खिळे गेले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा त्यावरची अक्षरजुळणी शिकली, आणि छापखाना विकला गेला तेव्हा स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन घरीच बसली. तोवर वसंत गेला होता. मूलबाळ नव्हतं.

कॉम्प्युटर ठेवला होता शिलाई मशीनच्या टेबलावर. वरचं मशीन विकलेलं, खालचा लोखंडी पायटा तसाच. टाइप करताना वहिनीचे पाय तो पायटा हलवत राहायचे. पट्टा नव्हता, चाक नव्हतं, तरी पाय चालू. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाय थांबले की बोटं थांबतात, भाऊजी. सवय." खोलीबाहेर गॅलरीतून जाणाऱ्याला पायट्याची करकर ऐकू आली की कळायचं, काम जोरात आहे.

चष्मे दोन. एक पडद्यासाठी, एक कागदासाठी. एक नाकावर असला की दुसरा केसांत. दोन्ही एकदम हरवायचे, कारण एक शोधायला दुसरा लागायचा.

मी गिरणीतून बाहेर पडलो, इकडेतिकडे नोकऱ्या केल्या आणि घरी बसलो, तेव्हा तिने मला प्रुफं वाचायला धरलं. मी मूळ कागद धरायचा, तिने छापील प्रत वाचायची, आणि वाचायची ती शेवटून. खालच्या ओळीपासून वर, एकेक शब्द उलट क्रमाने. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि चूक तशीच राहते, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडे लग्नाची सुरुवात 'विनंती नम्र ही' अशी व्हायची आणि शेवट गणपतीने. नावं मात्र ती दोनदा वाचायची आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घ्यायची. मी कंटाळलो की म्हणायची, "तुमचं नाव चुकीचं छापलं असतं म्हणजे कळलं असतं."

तिच्याकडे पहिला नंबर कायम मयताचा असायचा. लग्नाच्या पत्रिका कितीही पडलेल्या असोत, दशक्रियेचा कागद आला की आधी तो. घरातली माणसं दारात उभी असायची, त्यांना आत बसवून, चहा देऊन, ती गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव विचारायची. एकदा एक गृहस्थ वडिलांच्या तेराव्याचा मजकूर घेऊन आले. खाली शोकाकुल म्हणून एकट्याचंच नाव. वहिनीला माहीत होतं, धाकटा भाऊ करी रोडला राहतो आणि दोघांचं बोलणं बंद आहे. तिने काही उपदेश केला नाही. टाइप केलं, पडद्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "एकच नाव ओळीत बसत नाही हो. मशीन घेत नाही. दोन असली तर घेईल."

त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग खाली मान घालून धाकट्याचं नाव सांगितलं.

'मशीन घेत नाही' हे तिचं हुकमी वाक्य. एका स्थानिक पुढाऱ्याला वाढदिवसाच्या पत्रकात स्वतःच्या नावामागे कार्यसम्राट, लोकनेते, युवाहृदयसम्राट अशी बरीच विशेषणं हवी होती. मशीन एकच घेतं म्हणाली. तो गुरगुरला, दुसरीकडे जाईन म्हणाला. ही शांतपणे म्हणाली, "जा ना. पण दुसरीकडे काना-मात्रा चुकली तर सम्राटाचं काय होईल बघा." त्याने एकच घेतलं.

रे रोडच्या बाजूने एक कोळीण मासे विकायला यायची, ती एकदा मुलीच्या हळदीची पत्रिका करायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं. वहिनीने तिच्यासाठी पत्रिका पहिल्यांदाच सरळ, वरून खाली वाचून दाखवली. निमंत्रक म्हणून त्या बाईचं स्वतःचं नाव घातलेलं. बाई म्हणाली, "परत वाच." वहिनीने वाचली. "आता नुसतं माझं वाच." वहिनीने नुसतं तिचं वाचलं. मग दोघी हसत सुटल्या. पुढे कित्येक दिवस मला त्या घरून सुरमई खायला मिळाली, प्रुफं वाचल्याबद्दल.

हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो मात्र थकत चालला होता. लोकांना पत्रिकेत फोटो हवे झाले, रंग हवे झाले. वहिनी भाताचा कुकर लावायची आणि मग फाइल बनवायला टाकायची. तिसऱ्या शिट्टीला झाली तर दिवस बरा. मधेच पडदा गोठला की ती मालवणीत शिव्या घालायची, "मेल्या, निजलंस काय? ऊठ, गिऱ्हाईक उभा हा."

नवीन घेणं हा उपाय नव्हता, आणि हे बाहेरच्यांना कधी कळलं नाही. तिचे सगळे मराठी फाँट जुन्या प्रकारचे. ते चालवायला कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढं एक लॉक खोचलेलं असायचं. ते लॉक नव्या मशीनला लागत नव्हतं, ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नव्हतं, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. म्हणजे वहिनीची वेलांटी, वहिनीचा रफार, सगळ्या गल्लीच्या जन्ममरणाच्या फाइली, हे सारं त्या एका डब्यात. डबा बदलता येणार नव्हता. आतला प्रोसेसर तेवढा बदलता येत होता.

तेव्हा आम्ही लॅमिंग्टन रोडला इक्बालकडे गेलो. जुने भाग विकणारा, दुरुस्ती करणारा माणूस. वहिनीने बोर्डाचा नंबर कागदावर उतरवून नेला होता, अर्थात दोनदा तपासून. इक्बालने शोधून एक वापरलेला प्रोसेसर काढला, त्याच बोर्डात बसणारा, पण बराच तगडा. वहिनी मुलगी द्यायला आल्यासारखी चौकशी करू लागली. हा कुठला, आधी कुणाकडे होता, काय करायचा.

"ऑफिस का है आंटी. खाली एंट्री का काम किया है, गेम-बिम कुछ नहीं."

"म्हणजे सरळमार्गी आहे," ती मला म्हणाली आणि घेऊन टाकला. परतताना टॅक्सीत ती डबी तिने मांडीवर धरून ठेवली होती. हातातली तुळशीच्या लग्नांनंतरची कामं या नव्या जोरावर धरली होती. त्याच आधारावर आणखी चार वर्षं निघतील, मग बघू, असं म्हणाली. एवढं स्वतःच्या भविष्याबद्दल ती कधीच बोलली नव्हती.

दसरा तोंडावर होता. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी कॅबिनेट टॅक्सीत घालून इक्बालकडे न्यायचं ठरलं. निघताना मी फिटरच्या खोडीने त्याला विचारलं होतं, जुना काढतात कसा? त्याने सांगितलं, "काका, पहले थोड़ा टाइम मशीन चालू रखने का. गरम होने दो. अंदर का पेस्ट नरम होता है. फिर बंद करके, धीरे से घुमा के निकालने का. ठंडा कभी नहीं खींचने का." मला ते एकदम पटलं. गंजलेला नट आम्हीही तापवूनच काढायचो.

आता दसऱ्याचं सांगतो. गिरणीत खंडेनवमीला साचे पुसायचे, दसऱ्याला पूजा. ज्या साच्याला हळदकुंकू लागलं तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फिरवायचा नाही. हा नियम मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा. गिरण्या गेल्या, नियम आमच्या घरांत राहिला. वहिनी आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून त्याची वायर काढायची. सकाळी त्याला पुसून, झेंडूची माळ घालून, कळफलकावर आपट्याचं पान ठेवून पूजा करायची. मी दरवर्षी असायचो, त्याही वर्षी होतो. आणि हे मला लिहून ठेवायचंच आहे: फूल तांब्यात बुडवून ती जे दोन थेंब शिंपडायची, ते कॉम्प्युटरवर नव्हे, खालच्या लोखंडी पायट्यावर. "लोखंडाला चालतं," म्हणायची. त्याही सकाळी दोन थेंब पायट्यावरच पडले. मी डोळ्यांनी पाहिले.

दुपारी ती सोनं द्यायला नणंदेकडे परळला गेली. किल्ली माझ्याकडे ठेवून गेली, नेहमीसारखी.

मी का गेलो त्या खोलीत? चांगल्या दिवशी नवा प्रोसेसर बसवून ठेवावा, सकाळी तिने बटण दाबावं आणि थक्क व्हावं, एवढंच मनात होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. त्यात खोटं काही नाही. पण हेही खरं की गिरणी सुटल्यापासून माझ्या हाताला माझं काम मिळालं नव्हतं. लोकांची प्रुफं धरून बसलेला म्हातारा झालो होतो. इक्बालच्या दुकानात ती ज्या भरवशाने त्याच्याशी बोलत होती, तसं माझ्याशी कुणी बोलून जमाना झाला होता.

पाना-पेचकस घेऊन मी माळ काढली, कॅबिनेट उघडलं. पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा समोर होता. आता तो तापवायला हवा होता. तापवायचा तर मशीन सुरू करायला हवं होतं. आणि त्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

मी वायर हातात घेऊन उभा राहिलो. तिच्या पूजेच्या मशीनला दसऱ्याच्या दिवशी चालवायचं हे माझ्याने होईना. उघडायला हात धजला, चालवायला नाही. आज विचार करतो तर हसू येत नाही, काहीच येत नाही. मी वायर खाली ठेवली आणि ठोकळा थंडच ओढला.

तो निघाला, आणि प्रोसेसर त्याला चिकटून मुळासकट वर आला. पोटाखालच्या केसासारख्या पिना एका बाजूला झोपलेल्या. मी सुईने सरळ करायला गेलो तर एक तुटून बोर्डाच्या भोकात राहिली. ती दिसेना. मग नवा तरी बसवू म्हणून तो ठेवला. बसेना. गिरणीत न बसणाऱ्या वस्तूला अंगठ्याने दाबायची सवय. मी दाबला. त्याच्याही पिना गेल्या.

मी सगळं परत लावलं. स्क्रू आवळले, माळ घातली. उघडताना पत्र्यावरचं कुंकू माझ्या हाताने पुसलं गेलं होतं. तिच्या करंड्यातलं कुंकू घेऊन मी अंगठ्याने पुन्हा लावलं.

सकाळी वहिनीने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. ती खाली वाकून वायरी बघू लागली, मग माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, मीच घेऊन जातो इक्बालकडे, नवा प्रोसेसरही बरोबर नेतो. ती येते म्हणाली. मी नको म्हटलं, गिऱ्हाइकं येतील वगैरे काहीतरी बरळलो. तिच्या ते लक्षातही आलं नसेल, डोळे त्या पडद्यावर होते.

इक्बालने कॅबिनेट उघडलं, आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "ठंडा खींचा ना, काका?" मी हो म्हणालो. तसलं बोर्ड, तसल्या लॉकचं तोंड असलेलं, त्याने आजूबाजूच्या दुकानांत विचारलं. कुठेच नव्हतं.

मी परत येईपर्यंत गॅलरीत बायका जमल्या होत्या. संदेशच्या आईने शोध लावला होता, पूजेत पाणी शिंपडलंस का? वहिनी म्हणाली, शिंपडलं, दरवर्षीसारखंच. झालं. कुणीतरी चुकचुकलं, कुणीतरी हसलं. मी जिना चढून आलो तशी ती गर्दीतून पुढे आली.

"भाऊजी, पाण्याने गेलं का हो?"

तिथे खरं सांगायला फार शब्द लागणार नव्हते.

"असेल," मी म्हणालो.

तिने मान हलवली. वाद घातला नाही. पायट्यावर पडले होते थेंब, हे तिला आठवलं नसेल असं नाही. पण माझ्यावर तिचा विश्वास होता, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त. दोन माणसांनी मजकूर तपासायचा आणि दोघांचं जुळलं तरच छापायचं, ही तिची पद्धत. माझं 'असेल' आलं आणि तिने स्वतःचं खोडलं.

हातातली कामं तिने परत केली. पोस्टाने नाही, फोनवर नाही. एकेका घरी जाऊन कागद हातात दिले आणि प्रत्येक दारात सांगितलं, माझ्याच हातून झालं. मी एकदोन घरी बरोबर गेलो. ऐकून घेतलं. पुढे लोकांनी त्याचा विनोद केला, आणि तिने तोही ऐकून घेतला. 'कुंदाताईंचं तीर्थ' तिच्यासमोर म्हणायचे, ती हलकेच हसायची. पाणी पिऊन झालं की हात पदराला पुसायची, पुन्हा पुसायची. रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, सांगून मशीन थोडंच परत येणार. अशी कारणं फार सहज मिळतात. माझ्या वयाच्या माणसाला तर जास्तच.

तिला खोलीत बसवेना आणि पोटही होतं. करी रोडला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ती जाऊ लागली. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. मालक भला माणूस, वयाने तिच्या मुलासारखा, आंटी म्हणायचा. तिथे मराठीचा कळफलक वेगळा. कळफलकाकडे न बघता टाइप करणारी बाई एकेक अक्षर शोधून बोट ठेवायची. मी कधीमधी जायचो, बाकावर बसायचो. बोलणं व्हायचं ते हवेचं आणि गुडघ्यांचं.

एका दसऱ्याला मी असाच गेलो होतो. मालकाने मशीनी पुसून ओळीने माळा घातल्या होत्या. तबक तयार होतं. तो म्हणाला, "आंटी, तुम्ही मोठ्या आहात, पूजा तुम्ही करा," आणि तांब्या पुढे केला.

वहिनीने दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मूल नेतं तसे.

"मी नको रे," ती म्हणाली. "माझ्या हाताचं पाणी नको. मी बाहेर थांबते."

ती पायरी उतरून फुटपाथवर गेली. मी दारातच होतो. ती माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली आणि मला जागा व्हावी म्हणून जरा सरकली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्या तोंडात शब्द आला होता. अगदी आला होता.

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून तिने पदराचं टोक हाताने वर धरलं. आत पूजा होईपर्यंत आम्ही दोघं दुकानाकडे पाठ करून तसेच उभे होतो.